खर्रा सोडून वर्षे लोटल्यावर येणारी तलफ कशी हाताळावी

खर्रा, म्हणजे सुपारी, चुना आणि तंबाखू एकत्र घोटून केलेले मिश्रण, सोडून मला सात वर्षे झाली आहेत. तरीही गेल्या दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातील वडशाजवळच्या एका गावी झाडीपट्टीचे नाटक पाहत बसलो असताना शेजारच्या माणसाने पन्नी उलगडली, सुपारी, चुना आणि तंबाखूचा तो ओळखीचा वास आला आणि कालच सोडल्यासारखे तोंडाला पाणी सुटले. ज्यांनी खर्रा, तंबाखू किंवा नस (तपकीर) सोडून बराच काळ लोटला आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. पण पुष्कळ जण त्याचा चुकीचा अर्थ लावतात. व्यसन रक्तातच भिनले आहे, ते काही सुटायचे नाही, असे समजून ते हात पुढे करतात.

प्रत्यक्षात तंबाखूतील निकोटिन सोडल्यावर काही दिवसांतच शरीरातून निघून जाते, आणि चिडचिड, झोपमोड, अस्वस्थता हा त्रास बहुतेकांना पहिले दोन ते चार आठवडेच जास्त जाणवतो. वर्षांनंतर जी तलफ येते ती मेंदूतील आठवणीची असते. एखादी जागा, वेळ, वास किंवा सोबती यांच्याशी खर्रा हजारो वेळा जोडला गेलेला असतो, आणि ती खूण समोर आली की मेंदू जुनी मागणी पुन्हा करतो. अशी तलफ साधारणपणे काही मिनिटांत ओसरते. म्हणून ती आली याचा अर्थ आपण हरलो असा मुळीच होत नाही.

पहिले काम म्हणजे आपली खूण ओळखणे. तलफ आली की कुठे होतो, किती वाजले होते, सोबत कोण होते आणि पोटात काही होते का, एवढे चार दिवस लक्षात ठेवावे किंवा वहीत लिहावे. यातला शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. निकोटिन भूक मारते. त्यामुळे कापूस वेचताना, सोयाबीन काढताना किंवा तेंदूपाने तोडायला पहाटे जंगलात गेल्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे न्याहारीच्या जागी खर्रा खाल्ला जातो. अशा माणसाला पुढे खरी भूक लागली तरी ती तलफ वाटते. माझ्या स्वतःच्या दुपारच्या तलफा शिदोरी एक तास आधी खायला लागल्यापासून जवळजवळ थांबल्या. शेतात जाताना फुटाणे, शेंगदाणे आणि पाण्याची बाटली जवळ असावीच.

ओलिताची रात्र सर्वांत अवघड असते. वीज रात्री येते, मोटर सुरू करून बांधावर एकट्याने जागावे लागते आणि झोप उडवण्यासाठी पूर्वी खर्राच हाताशी असे. त्या रात्रीची तयारी दिवसाच करावी: दुपारी थोडी झोप घ्यावी, थर्मासमध्ये चहा न्यावा, आणि ज्याला आपण सोडल्याचे ठाऊक आहे अशा शेजारच्या शेतकऱ्याशी रात्री फोनवर बोलण्याचे आधीच ठरवून ठेवावे. तलफ आलीच तर उठून पाण्याचा दांड पाहून यावे, चूळ भरावी, तोंडात बडीशेप किंवा लवंग टाकावी आणि दहा मिनिटे जाऊ द्यावीत. हातालाही घोटण्या-मळण्याची सवय असते. तुरीच्या किंवा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्याने ती सवय दुसरीकडे वळते.

तोंडात टाकायला साधी सुपारी मात्र अजिबात घेऊ नये. तंबाखू नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे, असा समज आपल्या भागात फार पसरलेला आहे. पण सुपारीचे स्वतःचे व्यसन लागते, तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. शिवाय तिची चव थेट खर्ऱ्याचीच आठवण करून देते.

लग्न, तेरवी, मंडईची जत्रा आणि पानठेला येथे प्रश्न आग्रहाचा असतो. “घे ना भाऊ, एवढ्यानं काही होत नाही,” असे म्हणणारा बहुधा प्रेमानेच म्हणत असतो. त्याला “सध्या बंद आहे” असे उत्तर देऊ नये, कारण “सध्या” या शब्दात पुढच्या आग्रहाला जागा राहते. “मी खात नाही” एवढेच शांतपणे सांगावे आणि विषय पिकाकडे वळवावा. घरातील कोणी खात असेल, तर निदान आपल्यासमोर घोटू नये आणि आणायला आपल्याला किंवा लेकरांना ठेल्यावर पाठवू नये, ही विनंती स्पष्ट शब्दांत करावी.

एखादे वेळी चिमूटभर तोंडात गेलीच, तर ती लगेच थुंकावी, उरलेली पुडी फेकावी आणि त्याच दिवशी घरच्यांना सांगावे. सात वर्षे एका चिमटीने पुसली जात नाहीत. ती लपवल्याने मात्र दुसरी चिमूट सोपी होते. तलफ रोज येऊ लागली, किंवा कर्ज, नापिकी अथवा घरातील मृत्यू यांमुळे मन सतत खचलेले राहिले, तर एकट्याने झुंजत बसू नये. 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीवर विनाशुल्क समुपदेशन मिळते. निकोटिनचे च्युइंगम सुरू करायचे असल्यास डॉक्टरांना विचारूनच करावे, आणि ते खर्ऱ्यासारखे सतत चघळू नये: थोडे चावून गालात दाबून ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे.

महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड तपासावे. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, किंवा आपलीच तीन बोटे उभी तोंडात मावत नसली, तर दुखत नसले तरी दंतवैद्याकडे जावे. खर्रा सोडून कितीही वर्षे झाली असली, तरी पूर्वी किती वर्षे खाल्ला हे त्यांना न लपवता सांगावे.