उसातील बिबट्याच्या पिल्लांविषयीचा संदेश तोडणीच्या टोळीपर्यंत कसा पोहोचवावा

वन्यजीवांविषयी जनजागृती करायची ठरली की बहुतेक ठिकाणी आधी फ्लेक्स छापला जातो. त्यावर बिबट्याचे चित्र असते, खाली ‘वन्यजीव वाचवा’ असे असते आणि उरलेली सगळी जागा मान्यवरांच्या छायाचित्रांनी भरलेली असते. वाचणाऱ्याने नेमके काय करायचे, हे मात्र त्यावर नसते. त्यामुळे मजकूर लिहायला बसण्यापूर्वी कोणी, कोठे आणि कोणत्या क्षणी काय करावे, हे एका वाक्यात ठरवून घ्यावे.

जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेर या पट्ट्यात बिबट्याची मादी उसातच पिल्ले घालते. तोडणी फडाच्या कडेने आत सरकत जाते आणि उरलेल्या पट्ट्यात, पाचटावर, कधी डोळेही न उघडलेली पिल्ले सापडतात. मादी बहुधा जवळच असते, पण गर्दी असेपर्यंत पुढे येत नाही. तेवढ्यात कोणीतरी पिल्लू उचलतो, मोबाइल निघतात आणि ते हातोहात फिरू लागते. टोळी बाजूला होऊन वनविभागाला कळवले गेले, तर कर्मचारी आणि पशुवैद्यक पिल्ले तपासून संध्याकाळी क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात, आणि बहुतेक वेळा रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. म्हणून आपले वाक्य असे होईल: ‘पिल्ले दिसली की हात लावू नका, कोयते थांबवून सगळे बाजूला व्हा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.’

यानंतर हे वाक्य कोणाला जड जाईल याचा शोध घ्यावा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. तोडणीची मजुरी टनावर असते. फड थांबला तर टोळीची मजुरी बुडते आणि वाहन रिकामे उभे राहते. पिल्लांविषयी कळवळा नसतो असे नाही, पण कळवळ्याने दिवसाचा खाडा भरून निघत नाही. त्यामुळे शेतकरी आणि कारखान्याचा शेतकी विभाग यांच्याशी हंगामापूर्वीच बोलून, असे घडल्यास टोळीला त्याच दिवशी दुसऱ्या फडात काम मिळेल, याची व्यवस्था करावी. ती झाली नाही तर उत्तमात उत्तम शब्दांचाही उपयोग नाही.

टोळ्या अनेकदा बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या असतात, त्यामुळे ग्रामसभेत सांगितलेले त्यांच्या कानावर पडत नाही. संध्याकाळी त्यांच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) जाऊन, मुकादमाला बरोबर घेऊन, तोंडीच सांगावे. आधी पिल्ले परत दिलेला एखादा शेतकरी सोबत आला तर फारच बरे, कारण त्याच्या शब्दाला आपल्या पत्रकापेक्षा अधिक वजन असते.

मजकुरात एक चूक हमखास होते: ‘दरवर्षी कितीतरी लोक पिल्लांना हाताळतात’ असे खंतेने लिहिले जाते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी असे दोन फलक ताडून पाहिले होते. ‘पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी अश्मीभूत (दगड बनलेले) लाकूड नेल्याने उद्यानाचे रूप बदलले’ अशा फलकाजवळून संशोधकांनी खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी ७.९२ टक्के चोरीला गेले. ‘कृपया नेऊ नका’ अशा साध्या फलकाजवळून १.६७ टक्केच गेले. सगळेच करतात म्हटले की करायला मुभा मिळते. आपण गैरवर्तनाऐवजी ज्यांनी नीट केले त्यांच्याविषयी बोलावे, आणि बोलू ते खरे असावे.

‘बिबटे पकडून लांब का सोडत नाही?’ हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर तयार ठेवावे. जुन्नर परिसरात २००१ ते २००३ या काळात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून इतरत्र सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ही मोहीम सुरू झाल्यावर माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली. हे सांगावे, पण बिबट्या निरुपद्रवी आहे असे मात्र चुकूनही सांगू नये. ज्या गावात माणूस गेला आहे तिथे असे बोलणारा पुन्हा विश्वासाने ऐकला जात नाही, आणि ते योग्यच आहे.

परिणाम मोजताना प्रश्नपत्रिका वाटू नयेत. ‘बिबट्याला वाचवावे का?’ याला सगळेच हो म्हणतात. पिल्ले दिसल्यापासून फोन येईपर्यंत किती वेळ गेला, पथक पोहोचले तेव्हा ती जागेवर होती की खोक्यात, आणि रात्री मादी आली का, एवढ्याच नोंदी ठेवाव्यात. त्या आपण न गेलेल्या गावांतूनही घ्याव्यात, नाहीतर फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही. पहिल्या हंगामात फोन वाढले तर पिल्ले वाढली असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये; पूर्वी न कळवलेली प्रकरणे आता कळू लागली, हेच कारण अधिक संभवते.