गळू झालंय? आधी हात लांब ठेवा
केसाच्या मुळाशी स्टॅफिलोकोकस नावाचा बॅक्टेरिया शिरला की तिथे पू साठतो, तेच गळू, लहान असेल तर आपण केसतोड म्हणतो. सुरुवातीला नुसता लाल, ठणकणारा कडक गोळा असतो, मग मऊ पडतो आणि वर पिवळं तोंड दिसायला लागतं. नेमकं तेव्हाच पिळायचा मोह होतो, पण दाबलं की पू बाहेर येण्याऐवजी आत पसरू शकतो, त्यामुळे सुई-बिई तर अजिबात नको.

स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा आणि 10-15 मिनिटं शेका, दिवसातून 3-4 वेळा. कंटाळवाणं आहे पण लागू पडतं. फुटलं की साबणाने धुवून ड्रेसिंग करा, टॉवेल वेगळा ठेवा.

ताप आला, लाल रेघा पसरल्या, नाकाजवळ किंवा डोळ्यापाशी असेल, किंवा डायबेटिस असेल तर थांबू नका, डॉक्टरकडे जा. मोठ्या गळवाला चीर देऊन पू काढावा लागतो, नुसत्या अँटिबायोटिकने बऱ्याचदा भागत नाही. आणि सारखी सारखी होत असतील तर शुगर तपासून घ्या.