थिंबल कॅक्टसला नसलेले आजार: या चुका टाळा

मॅमिलारिया ग्रॅसिलिस, म्हणजे नर्सरीत मिळणारा थिंबल कॅक्टस, घरी आला की महिन्याभरात फोन ठरलेला. "पिल्लं गळतायत, औषध सांगा." अहो, ती गळणारच! मेक्सिकोतल्या हिदाल्गो, केरेतारोच्या डोंगराळ भागातलं हे झाड. पिल्लं, म्हणजे बाजूला फुटणारे छोटे गोळे, मुख्य गोळ्याला अगदी बारीक जागी चिकटलेली असतात. धक्का लागला की सुटतात आणि पडतील तिथे मुळं धरतात. वंश वाढवायची त्याची रीतच ती.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मात्र ही गळती थांबवायचा चंग बांधला. त्यात गोळ्यांवर तपकिरी काटे दिसले, म्हणून निदान झालं: बुरशी. खरं तर कोवळ्या गोळ्यावर नुसते कडेचे पांढरे काटे असतात, चांदणीसारखे पसरलेले. गोळा वयात आला की मधून तपकिरी टोकाचा लांब काटा निघतो. काकांनी बुरशीनाशक मारलं, ताकदीसाठी शेणखत घातलं आणि ऐन जुलैत रोज पाणी. "काहीतरी करायला नको का?" नको होतं. पाऊस सरायच्या आत गोळ्याच्या तळाशी लावलेलं बोट सरळ आत गेलं.

तळ तपकिरी झाला तर आधी दाबून बघा. कडक, कोरडा असेल तर ते वय, सोडून द्या. मऊ, ओलसर असेल तर कूज. वरचे निरोगी गोळे काढून घ्या, बाकी फेका.

सुटलेलं पिल्लू मी आठवडाभर सावलीत वर्तमानपत्रावर टाकून ठेवतो, मग जाड रेती मिसळलेल्या कोरड्या मातीवर नुसतं टेकवतो. पाणी मुळं दिसल्यावरच. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी मनी प्लांट लावावा. मुळं फुटायची रूटिंग पावडर कशाला? त्या पैशात रेती आणा.

गोळा लांबुडका, टोकदार झाला: ऊन कमी पडतंय. ताणलेला भाग परत गोल होत नाही. पण ऊन कमी पडतंय म्हणून एकदम एप्रिलच्या गच्चीत ठेवू नका, भाजेल.

बेचक्यात कापसाचे पुंजके आणि आजूबाजूला मुंग्या: पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

आणि फूल बघून घेत असाल तर थांबा. याची फुलं फिकट पिवळसर, सेंटीमीटरभराची, शेंड्याजवळच्या उंचवट्यांच्या बेचक्यांतून येतात. डोक्यावर मधोमध लालभडक, कागदासारखं कोरडं फूल असेल तर ते गोंदाने चिकटवलेलं आहे. दुसरी कुंडी उचला.