पेटीच्या माइकसाठी घुं न करणारा १२ व्होल्टचा सप्लाय

डबलबारीला पेटीचा माइक प्रीअँपवर (माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटवर) घेतला की स्पीकर घुंऽऽ करू लागतो, आणि खापर प्रीअँपच्या सप्लायमधल्या रेग्युलेटरवर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीवर फुटते. साधा एलएम३१७ या कामाला पुरतो. गडबड असते ती पडलेल्या व्होल्टेजमध्ये आणि ग्राउंड कुठून घेतला त्यात.

गणपतीत वाडीभर रोषणाई लागून लाइन १८० व्होल्टवर आली, की १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जेमतेम ९.४ देतो; एसीचा डीसी करणाऱ्या डायोड-ब्रिजनंतर कपॅसिटरवर १२ सुद्धा नीट उरत नाहीत. रेग्युलेटरला आउटपुटच्या वर दोनेक व्होल्ट लागतात. ते नसले की १०० हर्ट्झचा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) सरळ पुढे जातो. म्हणून ट्रान्सफॉर्मर १५ व्होल्ट, ५०० मिलिअँपचाच घ्या. त्यावर १८० लाही १५ च्या आसपास मिळतात. प्रायमरीला, म्हणजे लाइनच्या बाजूला, फ्यूज हवाच.

१०० मिलिअँप लोडसाठी २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा फिल्टर कपॅसिटर लावा. रिपल अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. आउटपुट आणि ॲडजस्ट पायांमध्ये २४० ओहम, ॲडजस्टपासून ग्राउंडला २ किलोओहम, दोन्ही मेटल फिल्म: ११.८ व्होल्ट येतात. ॲडजस्टवर १० मायक्रोफॅरड ठेवला की रिपल आणखी सुमारे १५ डेसिबलने दबतो. तो उलटा डिस्चार्ज होऊन आयसी मारू नये म्हणून ॲडजस्टपासून आउटपुटला १एन४००७ डायोड, पट्टी आउटपुटकडे. छोटा हीटसिंकही लावा.

आता ग्राउंड. ब्रिजचा निगेटिव्ह आधी फिल्टर कपॅसिटरच्या पायावर आणा, आणि बाकी सगळे ग्राउंड त्या पायापासून पुढे न्या. ब्रिज आणि त्या पायामधल्या वायरवर चार्जिंगचे मोठे झटके वाहतात. प्रीअँपचा ग्राउंड तिथे टेकवला तर घर्र ऐकू येणारच, मग आयसी कितीही महाग असो.

व्होल्टेज जुळवायला प्रीसेट (फिरवून बदलायचा छोटा रेझिस्टर) नको. खाऱ्या हवेत त्याचा सरकता संपर्क कळकतो, आधी करकर होते. तो पूर्ण सुटला तर आउटपुट १९-२० व्होल्टवर चढते. जोडणीनंतर सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, नाहीतर तो ओल धरतो आणि पावसाळ्याअखेर तांब्यावर हिरवट कळंक दिसतो. नीट वाळवून पारदर्शक लॅकर मारा; जॅक आणि स्क्रू-टर्मिनल सोडून.

तपासणी संध्याकाळी, लोड लावून. फिल्टर कपॅसिटरवर १४.५ च्या खाली गेले तर आधी लाइन मोजा. डीसी ठीक असूनही खर्जातली सलग घुं राहिली, तर ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची. प्रीअँपचा इनपुट शॉर्ट करा, ट्रान्सफॉर्मर लांब वायरवर ठेवून थोडा थोडा फिरवा. दर वेळी प्लग काढूनच हात लावायचा. जिथे आवाज सर्वांत कमी, तिथे खूण करा. डब्याला भोके त्यानंतर.