जुन्या गाडीचं टायमिंग लावताना पॉइंटची गॅप आधी, डिस्ट्रिब्युटर नंतर

टायमिंग म्हणजे प्लगला ठिणगी नेमकी कधी मिळते ते. बरेच जण बोनेट उघडलं की थेट डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) फिरवायला लागतात, ते नका करू. आधी सीबी पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क, ते उघडले की ठिणगी पडते) गॅप बघा, कारण गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप ॲडव्हान्स (ठिणगी लवकर) होतं, कमी झाली की रिटार्ड (ठिणगी उशिरा), म्हणजे टायमिंग लावून मग गॅपला हात लावला तर सगळी मेहनत वाया. पॉइंट कॅमच्या (मधल्या दांड्यावरचा उंचवटा) टोकावर पूर्ण उघडलेले असताना फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालून मोजा, बऱ्याच इंजिनांना ०.४ मिमीच्या आसपास लागते पण आकडा तुमच्या मॅन्युअलचाच धरा.

आता सगळे प्लग काढा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एक नंबरच्या सिलेंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून ठेवा आणि पाना लावून इंजिन हळूहळू त्याच्या चालायच्या दिशेनेच फिरवा. हवा अंगठा ढकलायला लागली की समजायचं कॉम्प्रेशन स्ट्रोक आला, मग क्रँकच्या पुलीवरची खूण इंजिनवरच्या खुणेशी जुळवा. नुसत्या खुणेवर जाऊ नका, पिस्टन एक्झॉस्टच्या शेवटीही वर येतो आणि खूण तेव्हाही तशीच जुळलेली दिसते. तिथे फसलात तर टायमिंग डिस्ट्रिब्युटरच्या अर्ध्या फेरीने उलटं बसतं, गाडी चालू होत नाही, कार्बोरेटरमधून फटाके मारते.

रोटरचं (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा तुकडा) तोंड कॅपच्या म्हणजे झाकणाच्या ज्या टोकाकडे आहे तिथे एक नंबरची वायर, आणि तिथून पुढे रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फायरिंग ऑर्डरप्रमाणे (सिलेंडर पेटण्याचा क्रम) बाकी वायरी लावायच्या. चार सिलेंडरला बहुतेक १-३-४-२, काहींना १-२-४-३. दिशा अंदाजाने ठरवू नका, कॅप काढून इंजिन फिरवून बघा.

आता खूण मॅन्युअलमधल्या डिग्रीवर आणा. खूण ओलांडून पुढे गेलात तर बरंच मागे नेऊन परत पुढे या, टायमिंग चेनमधला ढिलेपणा निघून जातो. कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) जी बारीक वायर डिस्ट्रिब्युटरला जाते तिथून बॉडीला १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावा, इग्निशन ऑन करा, डिस्ट्रिब्युटरला धरणारा क्लॅम्प जरा सैल करून तो रोटरच्या दिशेने लॅम्प विझेपर्यंत फिरवा, मग उलट दिशेला अगदी सावकाश, आणि लॅम्प पेटला त्या क्षणी थांबा. पॉइंट उघडतात ते नेमके इथेच.

प्लग आणि वायरी परत लावून गाडी चालू करा. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून खूण दाखवणारा दिवा) असेल तर इंजिन गरम करून, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करून आयडलला खूण बघा, रेस दिल्यावर खूण ॲडव्हान्सकडे सरकायलाच हवी, नाही सरकली तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली ॲडव्हान्स करणारी वजनं जाम झालीत. मग चढावर टॉप गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघा, खडखड नॉकिंग आलं तर एकदोन डिग्री रिटार्ड करा, त्याकडे दुर्लक्ष केलं तर पिस्टन जातात. पिकअप मेलेला आणि इंजिन तापतंय तर टायमिंग मागे राहिलंय का ते आधी तपासा. क्लॅम्प घट्ट केल्यावर खूण परत एकदा बघा, आवळताना डिस्ट्रिब्युटर किंचित सरकतो.