कोष न कापता आतलं रेशीम ओळखायचं तर

पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशन शिकताना शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी रेशीम कोषांची प्रतवारी घेतली. या विषयात येणाऱ्यांनी सेन्सर विकत घेण्याआधी स्वारगेटहून बारामतीची एसटी धरावी आणि तिथल्या कोष बाजारात अर्धा दिवस उभं राहावं. जाणकार माणूस कोष बोटांत दाबतो, कानाशी हलवतो. जिवंत कोशित (अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था) आत खुळखुळतो, मेलेला कवचाला चिकटून बसतो. पोचट, डागी, डबल (दोन अळ्यांनी मिळून विणलेला) आणि उझी या परजीवी माशीने भोक पाडलेला कोष तो बघताक्षणी बाजूला टाकतो.

पक्की परीक्षा मात्र कापूनच होते. कोशित बाहेर काढून कवचाचं, म्हणजे रेशमाचं, वजन करायचं, त्याला पूर्ण कोषाच्या वजनाने भागून शंभराने गुणायचं. चांगल्या दुबार (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या) जातीत हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर जातं. पण कोषात हजारेक मीटरचा सलग धागा असतो. कापला की तो रिळावर घेता येत नाही. म्हणून न कापता तपासायची धडपड.

माझी मोठी चूक वजनाची. जड कोष म्हणजे जास्त रेशीम, असं धरून मी लोडसेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) प्रतवारी केली. आकडे सुरेख आले. मग कापून पाहिले तर वरच्या प्रतीत बहुतेक माद्याच! मादी कोशित अंड्यांमुळे जड असते, त्यामुळे कवचाचं प्रमाण नरापेक्षा कमी भरतं. त्यात कोशित दिवसागणिक पाणी गमावतो. सोमवारचं वजन गुरुवारच्या वजनाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तीन आठवडे वाया गेले, पण विषय तिथेच कळला.

नंतर खालून एलईडीचा उजेड सोडून फोटो घेतले. पातळ कवच आणि आतला डाग यात छान दिसतो. निअर-इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश) त्याही पुढे जातं: ९७० नॅनोमीटरच्या आसपास पाणी प्रकाश शोषतं, त्यावरून कोशिताचा अंदाज बांधता येतो. उपकरण महाग आहे, विभागात असेल तरच त्या वाटेला जा.

यातली कुठलीही पद्धत घ्या, ती खरी ठरते का हे बघायला मोजलेले कोष शेवटी कापावेच लागतात. प्रत्येकावर क्रमांक घाला, आधी सगळी मोजमापं घ्या, मग ब्लेड. कोष जाळीच्या पिशवीतूनच आणा, प्लास्टिकमध्ये घाम सुटून डाग पडतात. आणि काम आठवड्याच्या आत उरका, नाहीतर पतंग कवच फोडून बाहेर येतील.