प्लेअर विकायचा नाहीये? मग या चुका टाळा

फुटबॉल क्लबांनी प्लेअर घ्यायचे-विकायचे ठरलेले दिवस म्हणजे ट्रान्सफर विंडो, आणि आमच्याकडे देवगडात ट्रान्सफर विंडो म्हणजे पावसाळा. जून-जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर बंदरात उभे, लाईट येऊन-जाऊन, आणि पोरं मोबाईलवर कुणी कितीची बिड टाकली ते बघत बसलेली. दरवर्षी वाद तोच, अमक्या क्लबने एवढा चांगला प्लेअर सोडलाच कसा. "विकायचा नव्हता तर सरळ नाही म्हणायचं ना" असं बोलणारा एक तरी असतोच, मोबाईलवरच्या फुटबॉल गेममध्ये तोच माणूस पहिल्या ऑफरला आपला स्ट्रायकर देऊन मोकळा होतो ते सोडा. पण सरळ नाही म्हणणं वाटतं तेवढं सोपं नसतं, आणि क्लबं जिथे फसतात त्या जागा ठरलेल्या आहेत.

"नाही" म्हणून लगेच भाव विचारणं

हे मी घरी बघितलंय. दोन वर्षांपूर्वी मुंबईची एक पार्टी आमची कलमांची जागा बघायला आली, आम्ही बोलावलं नव्हतं, एक एजंट घेऊन आला. आजोबा, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, पडवीत सुपारी कातरत बसलेले. मान वर न करता बोलले, "जागा विकूची नाय." विषय संपला होता, माणसं चपला घालायला उठली पण. तेवढ्यात काका चहाचे कप घेऊन बाहेर येता येता बोलला, "पन देतल्यात किती?"

झालं. अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. पुढच्या पंधरा दिवसांत चार एजंट येऊन गेले आणि चौघांनाही माहिती होतं की ह्या घरात 'नाय' म्हणजे 'आकडा बोला'.

क्लबं वेगळं काय करतात? "ऑफर आमच्या व्हॅल्युएशनपेक्षा कमी आहे" असं एकदा पेपरवाल्यांच्या कानात सांगितलं की समोरच्याला कळतं, व्हॅल्युएशन आहे, म्हणजे विक्री पण आहे. खरंच ठेवायचा असेल तर आकड्यावर बोलूच नये, आणि बोलायचंच तर असा आकडा बोलावा की समोरच्याने एकदा खुर्चीत सरकून बसावं. जानेवारी २०२३ मध्ये पोर्तुगालच्या बेनफिकाने एन्झो फर्नांडिसच्या वेळी हेच केलं, वर्ल्डकप जिंकून आलेला पोरगा, चेल्सी मागे लागलेली, बेनफिका एकच सांगत राहिली की क्लॉजचा, म्हणजे करारात लिहून ठेवलेला सोडायचा आकडा भरा. शेवटच्या दिवशी चेल्सीने १२१ मिलियन युरो कबूल केले, आणि बेनफिकाने सूट दिली ती फक्त हप्त्यांची. एकूण रक्कम हलली नाही. मला विचाराल तर नको असलेली विक्री अशी करावी, वेळ द्या पण आकडा देऊ नका.

काँट्रॅक्टची तारीख विसरणं

सगळ्यात महाग चूक हीच, म्हणून जरा सविस्तर.

युरोपियन कोर्टाच्या १९९५ च्या बॉसमन निकालानंतर काँट्रॅक्ट संपलेला प्लेअर फुकट जाऊ शकतो, आणि फिफाच्या नियमाने शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी करार करून मोकळा होऊ शकतो. म्हणजे तुमच्या 'नाही' ची किंमत दर महिन्याला उतरत असते. अढीत घातलेला आंबा जसा, आज कडक आहे म्हणून निवांत बसलात तर आठवड्याने येईल त्या भावाला द्यावा लागतो.

आर्सेनलचं उदाहरण आठवा. २०१२ ला व्हॅन पर्सीचं एकच वर्ष राहिलेलं, त्याने जुलैत जाहीर सांगून टाकलं की नवीन करार करणार नाही, आणि आर्सेनलला तो साधारण २४ मिलियन पौंडांना थेट मँचेस्टर युनायटेडला द्यावा लागला, म्हणजे ज्यांना कधीच द्यायचा नव्हता त्यांनाच. त्याने तिकडे लीगमध्ये २६ गोल मारले आणि युनायटेड चॅम्पियन. आमच्या वाडीतला एक आर्सेनलवाला अजून त्या विषयावर जेवण अर्धं टाकून उठतो.

पॅरिसच्या पीएसजीने २०२१ मध्ये एमबाप्पेसाठी रियाल माद्रिदच्या दीडशे मिलियन युरोंच्या वरच्या ऑफर धुडकावल्या, तेव्हा त्याचंही एकच वर्ष उरलेलं. नंतर २०२२ ला करार वाढवला खरा, पण २०२४ ला तो फुकटात रियालला गेला. त्यांना परवडतं, तुमच्या क्लबला परवडेलच असं नाही.

आता उलटं बघा. ब्रायटनने जानेवारी २०२३ मध्ये कैसेडोसाठी आर्सेनलच्या ६० आणि मग ७० मिलियन पौंडांच्या ऑफर नाकारल्या. पोराने इन्स्टाग्रामवर पत्र लिहून जाऊ द्या म्हटलं, तरी नाही. त्याला काही दिवस घरी बसवलं, आरडाओरडा नाही, आणि मार्चमध्ये त्याच्याशी २०२७ पर्यंतचा नवीन करार केला. ऑगस्टमध्ये लिव्हरपूलने १११ मिलियन देऊ केले, पण पोराला चेल्सीला जायचं होतं आणि चेल्सीने १०० अधिक अटींवरचे १५ कबूल केले. सात महिन्यांत पंचेचाळीस मिलियनचा फरक, आणि अर्धा सीझन प्लेअर खेळला तो वेगळाच. नवीन करार म्हणजे प्लेअर राहणार अशी गॅरंटी नव्हे, गेला तर स्वस्तात जाणार नाही एवढंच. लोक इथेच गल्लत करतात.

हिशोब साधा ठेवा, दोन वर्षं उरली की एकतर सही नाहीतर विक्री. हॅरी केन २०२३ ला एक वर्ष उरलेलं असताना १०० मिलियन युरोंच्या आसपास बायर्नला गेला ते अपवाद म्हणून सोडा, प्रत्येकाकडे केन नसतो आणि समोर प्रत्येक वेळी बायर्न नसतं.

क्लॉज लिहिताना घाई

रिलीज क्लॉज म्हणजे आजच मान्य केलेला उद्याचा भाव. स्पेनमध्ये १९८५ च्या नियमामुळे तो जवळपास प्रत्येक करारात लिहिलेला असतो, म्हणून बार्सिलोनाने नेमारचा २२२ मिलियन युरो लिहिला आणि एवढे कोण देणार म्हणून निवांत राहिले. २०१७ ला पीएसजीने दिले. मग बार्सिलोनाकडे तेवढे पैसे आहेत हे जगाला माहिती, डॉर्टमुंडने देम्बेलेचे १०५ मिलियन युरो आणि वर ॲड-ऑन, म्हणजे अटी पूर्ण झाल्यावर द्यायचे पैसे, मागितले, लिव्हरपूलने कौटिन्होला उन्हाळ्यात दिलाच नाही, जानेवारीत भाव चढवून दिला. मासळी बाजारात पाचशेची नोट हातात धरून फिरलात तर कोळीण तुम्हाला बांगडा किती सांगेल, तसंच हे.

छोट्या क्लबाला तर क्लॉज लिहूनच चांगला प्लेअर मिळतो, त्याला इलाज नाही, हालांड डॉर्टमुंडला आला आणि ६० मिलियन युरोंच्या क्लॉजवर २०२२ ला मँचेस्टर सिटीला गेला. तेवढ्यात मिळाला म्हणून सिटीवाले आजही हसत असतील. पण लिहायचाच तर नीट लिहा, कुठल्या तारखेपर्यंत चालू, एकरकमी की हप्त्याने, कुठल्या स्पर्धेत खेळणाऱ्या क्लबला. मोघम लिहिलं की काय होतं ते २०१३ ला लिव्हरपूलच्या सुआरेझच्या वेळी दिसलं, आर्सेनलने ४० मिलियन आणि वर एक पौंड अशी ऑफर टाकली कारण त्यांना वाटत होतं ४० च्या वर गेलं की सोडावाच लागतो. लिव्हरपूल अडून बसलं, पुढच्या सीझनला त्याने लीगमध्ये ३१ गोल मारले आणि मग बार्सिलोनाला बऱ्याच जास्त पैशांना गेला. लिव्हरपूल सुटलं, पण नशिबाने सुटलं असं माझं मत.

बदली माणूस न बघता विकणं

२०२५ चा इसाक घ्या, न्यूकॅसलचा स्ट्रायकर. १ सप्टेंबर, आमच्याकडे गौरीपूजन, घर पाहुण्यांनी भरलेलं, डेडलाइन आपल्या वेळेने रात्री साडेअकराला, समोर भजन रंगलेलं आणि मी एका हाताने टाळ आणि दुसऱ्या हाताने मोबाईल. न्यूकॅसलने ऑगस्टच्या सुरुवातीला लिव्हरपूलचे ११० मिलियन पौंड नाकारले, प्लेअर टीमसोबत यायला तयार नाही, त्याने लिहून टाकलं की मला शब्द दिलेला तो पाळला नाही, क्लब म्हणतं असा शब्द कुणी दिलाच नाही. शेवटी त्या रात्री १२५ मिलियनला लिव्हरपूललाच गेला, ब्रिटनचा रेकॉर्ड. आकडा भारीच. पण त्याच उन्हाळ्यात न्यूकॅसलला हवे असलेले स्ट्रायकर, एकितिके आणि शेस्को, दुसरीकडे गेले, आणि वोल्टेमाडे शेवटच्या दोन-तीन दिवसांत आणि विस्सा तर शेवटच्या दिवशीच घ्यावा लागला, सगळ्यांना माहिती असताना की ह्यांना गरज आहे आणि खिशात पैसे आहेत. आता कोण कमी करणार भाव?

इथे दोन चुका एकात एक आहेत. बदली माणूस आधी हेरून ठेवा, आणि तोंडी शब्द देऊ नका. "चांगली ऑफर आली तर बघू" हे वाक्य प्लेअर वेगळं ऐकतो, मालक वेगळं. अमुक रक्कम, अमुक तारखेच्या आत, असं कागदावर लिहा.

फक्त मोठा आकडा बघणं

उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा असतो हे आंब्याच्या व्यापाऱ्याला पेटी देणाऱ्या कुणालाही सांगायला नको. साठ मिलियन जाहीर झाले तरी त्यातले पंधरा ॲड-ऑन असतात, बाकीचे तीन-चार वर्षांच्या हप्त्यांत. दुसऱ्या देशातल्या क्लबाला विकला तर फिफाच्या नियमाने ५ टक्के, प्लेअर १२ ते २३ वयात जिथे जिथे शिकला त्या क्लबांना जातात. आधीच्या क्लबाचा सेल-ऑन, म्हणजे पुढच्या विक्रीतला वाटा, असेल तर तो वेगळा. एन्झोमध्ये रिव्हर प्लेटचा पाव हिस्सा होताच. तुमचा पण पुढच्या विक्रीत वाटा लिहून घ्या, सेल्टिकने व्हॅन डाइक साउथॅम्प्टनला देताना लिहून घेतला होता, तो लिव्हरपूलला गेल्यावर ह्यांना घरबसल्या पैसे.

आता बिघडलंच असेल तर

प्लेअर सरावाला येत नाही म्हणतोय, विंडो संपायला दहा दिवस. पहिलं म्हणजे पत्रकार परिषद घेऊ नका. दुसरं, आज विकून वर्षभर आपल्याकडेच ठेवता येतो का बघा. लाइपझिगने ऑगस्ट २०१७ ला नाबी केइता लिव्हरपूलला द्यायचं कबूल केलं पण तो गेला जुलै २०१८ ला. डॉर्टमुंडने जानेवारी २०१९ ला पुलिसिक चेल्सीला विकला आणि उरलेला सीझन लोनवर, म्हणजे उसना घेऊन, स्वतःकडेच खेळवला. पैसे पण आले, टीम पण मोडली नाही, हा माझा सगळ्यात आवडता उपाय आहे आणि लोक सगळ्यात कमी वापरतात.

साउथॅम्प्टनने २०१७ च्या उन्हाळ्यात व्हॅन डाइक दिला नाही, परस्पर संपर्क केल्याबद्दल लिव्हरपूलने जाहीर माफी पण मागितली, आणि जानेवारीत ७५ मिलियन पौंडांना दिला. डिफेंडरला तेवढे पैसे त्यावेळी कुणी ऐकले नव्हते. पुढचं मात्र ऐका, त्याच जानेवारीत कारिल्यो नावाचा स्ट्रायकर घेतला, त्याने त्यांच्यासाठी एकही गोल केला नाही आणि टीम वीसात सतरावी, खालच्या लीगमध्ये जाण्यापासून कशीबशी वाचली.

शेवटच्या तासात कागद पाठवायचे नाहीत हे वेगळं सांगत नाही, २०१५ ला रियालला निघालेल्या गोलकीपर दे हेआचे कागद वेळेत पोचले नाहीत आणि त्याला युनायटेडमध्येच राहावं लागलं. ठेवायचाच होता तर बरंच झालं म्हणा.

आणि बोलायला एकच माणूस ठेवा. कोच म्हणतो राहणार, मालक म्हणतो बघू, एजंट तिसरंच काही, मग समोरचा सगळ्यात मऊ माणूस शोधून त्यालाच फोन लावतो. आमच्याकडे अजून एजंटांचे फोन येतात, काकालाच येतात. पण आता तो शिकलाय, उचलतो आणि एवढंच म्हणतो, "माका काय इचारू नकात, अण्णांक विचारा."

अण्णांकडे मोबाईल नाही.